ऑटिस्टिक टीनएजरसाठी ऑनलाइन सोशल स्किल्स क्लास: खरंच उपयोग होतो का?

चिंचगुळ (३ जून, रात्री ११:०८)

नमस्कार मंडळी. तीनचार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा १४ वर्षांचा, आता नववीत जाईल. ठाण्यात असतो आम्ही. सहाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलतो व्यवस्थित, किंबहुना जरा जास्तच, पण फक्त एसटीवर. एसटी म्हणजे महामंडळाची. खोपटच्या डेपोबाहेर उभं राहून गाडीच्या नंबरावरून ती कुठल्या वर्कशॉपची ते सांगतो, एमएच १४ दापोडी, एमएच २० चिकलठाणा, एमएच ४० हिंगणा. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली हे आता आमच्या वॉचमनकाकांनाही पाठ झालंय. परवा १ जूनला त्याने सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या, कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

अडचण अशी की समोरचा कंटाळलाय हे त्याला कळत नाही. वर्गातली मुलं पाचवी-सहावीपर्यंत ऐकून घ्यायची, आता उठून जातात. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "आई, मी बोलायला लागलो की सगळ्यांना एकदम पाणी प्यायला का जायचं असतं?" मी उत्तरच दिलं नाही, कुकर बघायला गेले.

आमच्या थेरपिस्टनी एक ऑनलाइन ग्रुप सुचवलाय. दर शनिवारी दीड तास, सहा मुलं, १६ आठवडे, आणि पालकांचा त्याच वेळी वेगळा तास. कॅमेरा चालू ठेवायची अट आहे. फी आमच्या मानाने बरीच आहे. नवऱ्याचं म्हणणं, माणसांशी बोलायला स्क्रीनवर शिकायचं म्हणजे गादीवर पोहायला शिकण्यासारखं आहे. कुणाच्या मुलांनी असं काही केलंय का? फरक पडला का? खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

लिंबूटिंबू (३ जून, रात्री ११:३१)

गादीवरचं पोहणं! साहेबांना माझा नमस्कार सांगा.
विषयातलं काही कळत नाही, रुमाल टाकून ठेवतो.

शून्य_प्रहर (४ जून, सकाळी ६:५०)

ताई, रागावू नका पण हल्ली प्रत्येक गोष्टीचा क्लास झालाय. आमच्या वेळी वाड्यात असा एक तरी मुलगा असायचाच, त्याला कुणी कसला शिक्का मारला नव्हता. सगळ्यांत मिसळून वाढला, आज बँकेतून रिटायर झालाय. मुलाला खाली खेळायला सोडा, आत्या-मावशीकडे सुट्टीला पाठवा. आणि एसटीचं वेड असेल तर चांगलंच आहे की. मी स्वतः १९८२ साली एमएच १४ च्या लाल डब्यातून दर शनिवारी कराडला जायचो, अर्धी गाडी ओळखीची व्हायची. ती खरी सोशल स्किल्स.

आडवळण (४ जून, सकाळी ९:१५)

@शून्य_प्रहर, तो बँकेतून रिटायर झालेला मुलगा मिसळून वाढला की गप्प बसून वाढला हे त्याला विचारलंय का कधी? मी २९ वर्षांचा आहे, मला २६ व्या वर्षी निदान मिळालं. मलाही सगळे असंच म्हणायचे, किती छान मिसळतो.

मिसळत नव्हतो हो, मी नकला करत होतो. कॉलेजात एक मित्र होता, तो जसा हसायचा तसा हसायचो, तो "काय मग" म्हणायचा म्हणून मी "काय मग" म्हणायचो. घरी आलो की दार लावून दोन तास अंधारात पडून राहायचो. याला मास्किंग म्हणतात. असं सतत लपवत राहण्याचा नैराश्याशी संबंध दिसतो, त्यावर अभ्यास झालेत, पण मला अभ्यास वाचायची गरज पडली नाही.

@चिंचगुळ ताई, एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो, राग मानू नका. "समोरचा कंटाळलाय हे त्याला कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय आणि खालच्याच वाक्यात पाण्याची गोष्ट सांगितलीय. त्याला कळतंय. का ते कळत नाहीये, आणि ते त्याला कुणी सांगतही नाहीये. वर्गातल्या एकाही मुलाने "बास रे, आता दुसरं बोलू" असं सरळ म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. सरळ न बोलता पाण्याला जाणाऱ्या मुलांना कम्युनिकेशनचा क्लास कुणी लावत नाही.

तरी क्लासच्या विरोधात नाही मी. तिथे काय शिकवतात ते बघा. नजरेला नजर देऊन बोल, हात हलवू नको, असलं असेल तर पैसे वाचवा.

चिंचगुळ (४ जून, सकाळी ९:४०)

@आडवळण राग कसला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कुकरचं लिहिताना मलाही ते जाणवलंच होतं.

निशिगंध (४ जून, दुपारी ४:२२)

न्यू जर्सीहून लिहितेय. माझी लेक १७ वर्षांची, तिने दोन वर्षांपूर्वी पीअर्स नावाचा प्रोग्रॅम झूमवर केला. हा मूळचा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातला, एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी बसवलेला. तुमचे १६ आठवडे, दीड तास आणि पालकांचा समांतर तास वाचून वाटतंय की तुमचा क्लास त्यावरूनच घेतला असावा.

त्यात "सगळ्यांशी छान वाग" असले गोलमाल सल्ले देत नाहीत. गप्पा चालू असलेल्या घोळक्यात शिरायचं कसं, याच्या पायऱ्या असतात: आधी जरा लांबून ऐक, विषय काय चाललाय ते बघ, आपल्याला त्यातलं काही माहीत असेल तर थोडं जवळ जा, कुणी बोलायचं थांबलं की विषयाला धरून एक वाक्य टाक. त्यांनी जागा करून दिली नाही तर कसं निघायचं, हेही शिकवतात. माझ्या लेकीला हे निघायचं प्रकरण सगळ्यात आवडलं. तोवर तिला वाटायचं की एकदा उभं राहिलं की तिथेच थांबावं लागतं.

गप्पांचे नियमही सोपे. गप्पांचा सगळा ताबा घ्यायचा नाही, उलट मुलाखत घेतल्यासारखे नुसते प्रश्नही विचारायचे नाहीत, आणि पोलीस व्हायचं नाही, म्हणजे समोरच्याची प्रत्येक चूक दुरुस्त करायची नाही. (हा तिसरा नियम तिने बाबालाच लावला, घरात शांतता आहे तेव्हापासून.) दर आठवड्याला गृहपाठ. एखाद्या मैत्रिणीला फोन करायचा, मग घरी बोलवायचं. पालकांच्या तासात आपल्याला तोच धडा शिकवतात, म्हणजे आठवडाभर आपण आठवण करून द्यायची.

आता कडू भाग. रोल-प्ले, म्हणजे प्रसंग वठवून सराव करणं, तिला अजिबात आवडायचे नाहीत, खोटं खोटं वाटायचं. कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला की लक्ष तिकडेच. आम्ही तो स्वतःचा चौकोन लपवायची सेटिंग शोधली, तेव्हा कुठे बसायला लागली. आणि हा प्रोग्रॅम अमेरिकन शाळेच्या कॅफेटेरियासाठी आहे, मराठी मंडळाच्या गणपतीसाठी नाही. तिथे पाच मावश्या एकदम "ओळखलंस का मला?" विचारतात, त्याची पायरी त्यांच्याकडे नव्हती.

लिंबूटिंबू (४ जून, दुपारी ४:५०)

"ओळखलंस का मला?" ची पायरी माझ्याकडे पण नाही हो. मी ४१ वर्षांचा आहे.

पाटीपेन्सिल (४ जून, रात्री १०:०५)

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पुण्यात. असे ग्रुप घेते, त्यामुळे माझं मत त्या हिशोबाने घ्या.

निशिगंध यांनी सांगितलेल्या प्रोग्रॅमचा २००९ साली पहिला अभ्यास आला, ३३ मुलांवरचा, लहानच. त्यानंतर बरेच झाले, वेगवेगळ्या देशांत. मुलांना नियम समजतात आणि लक्षात राहतात हे त्यात बऱ्यापैकी दिसतं, पालकांनाही फरक जाणवतो. पण असे सगळे ग्रुप एकत्र तपासणारा २०१७ चा एक आढावा आहे, त्यातली गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते: मुलांनी स्वतः सांगितलेली सुधारणा मुख्यतः "काय करायचं ते मला माहितीये" या प्रकारची होती, "मी ते करतो" या प्रकारची नाही. शिक्षकांना तर फारसा बदल दिसलाच नव्हता. थोडक्यात चिंचगुळताईंच्या यजमानांची गादी अगदीच चुकीची नाही. हातपाय कसे मारायचे ते गादीवर कळतं, पाणी वेगळं लागतं. आणि ते पाणी क्लासवाले आणून देऊ शकत नाहीत.

ऑनलाइनचं म्हणाल तर काही मुलांना तेच सोयीचं. आवाज कमी करता येतो, घरची खुर्ची असते, वास नाहीत, ट्रॅफिक नाही. चॅटबॉक्स हे तर वरदान. तोंडाने एक शब्द न बोलणारी मुलगी माझ्याकडे चॅटमध्ये भन्नाट कोट्या करते. तोटा म्हणजे आवाज किंचित मागून येतो, त्यामुळे आपली पाळी कधी ते मोठ्यांनाही कळत नाही, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "बोला बोला", "नाही तुम्ही बोला". त्यावर मी हात वर करायचं बटण सक्तीचं केलंय. कॅमेरा मात्र सक्तीचा करत नाही. ती अट त्यांना सैल करायला सांगा, ऐकत नसतील तर विचार करा.

@आडवळण तुमच्या मुद्द्याला नाव आहे, "डबल एम्पथी प्रॉब्लेम". डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्ये ते मांडलं: न समजणं दोन्ही बाजूंचं असतं, खापर मात्र एकाच बाजूवर फुटतं. २०२० मध्ये एडिंबरात कानगोष्टींचा प्रयोग झाला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, काही सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या, काही एकही ऑटिस्टिक नसलेल्या, काही मिश्र. ऑटिस्टिक साखळीत गोष्ट दुसऱ्यांइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत सगळ्यात जास्त गळली. पुढे त्याच मंडळींनी मोठ्या प्रमाणात प्रयोग केला तर मिश्र साखळीतही तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ऑटिस्टिक माणसं एकमेकांत गोष्ट नीट पोचवतात, हे दोन्ही वेळा दिसलं.

आडवळण (४ जून, रात्री १०:३०)

@पाटीपेन्सिल, दुसरा प्रयोगही सांगितलात ते बरं केलंत. आमचे लोक पहिलाच सांगत फिरतात, मीही.

खिडकीपाशी (५ जून, सकाळी ७:४४)

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. ऑनलाइन की ऑफलाइन हा प्रश्न पुण्या-ठाण्याच्या लोकांना पडतो. आम्हाला थेरपीला जायचं म्हणजे येऊन जाऊन पाच तास, एक दिवसाचा पगार आणि मुलाचा दुसऱ्या दिवशीचा ताप. म्हणून ऑनलाइन. लाईट जाते तेव्हा मोबाईलच्या डेटावर.

माझा मुलगा १५ वर्षांचा. शाळेत एक प्रकार झाला. तीन मुलांनी त्याला सांगितलं की बाईंना अमुक शब्द म्हण, त्या खूष होतात. तो म्हणाला. पुढचं तुम्ही समजू शकता. शिक्षा त्याला झाली, कारण शब्द त्याच्या तोंडून गेला होता. मुख्याध्यापकांना समजावताना मला बाहेर उभं राहून रडायला आलं होतं. त्याला वाईट कशाचं वाटलं माहितीये? शिक्षेचं नाही. "ते माझे मित्र आहेत ना" याचं.

त्याच्या ऑनलाइन क्लासात मित्र कुणाला म्हणायचं यावर दोन शनिवार घालवले. मित्र आपल्याला कुठे कुठे बोलावतो, आपलं ऐकतो का, आपल्यामुळे सगळे हसतात तेव्हा तो कुठे उभा असतो. माझ्या मुलाने वहीत तक्ता केला, वर्गातल्या मुलांची नावं आणि समोर बरोबर-चूक. एकाच मुलाला सगळे बरोबर मिळाले, जो त्याच्याशी फारसा बोलतही नव्हता. आता डबा त्याच्याबरोबर खातो. मला विचाराल तर पैसे वसूल.

चिडवण्यावर काय करायचं हेही होतं. आपण सांगतो दुर्लक्ष कर, नाहीतर बाईंना सांग. तिथे सांगितलं की दोन्हीने चिडवणं वाढतं. छोटं, बेफिकीर वाटेल असं काहीतरी म्हणायचं आणि तिथून निघायचं. मारामारी-धक्काबुक्की असेल तर मात्र हे नाही, तेव्हा मोठ्या माणसाकडेच जायचं. पण त्यांनी दिलेली वाक्यं इंग्रजीत. "व्हॉटेव्हर" आमच्या शाळेत म्हटलं तर आणखी चार जण चिडवायला येतील.

गच्चीवरचा (५ जून, सकाळी ८:३०)

वाचून पोटात तुटलं दादा. त्या तीन मुलांना काहीच झालं नाही?

मराठी वाक्यं आम्ही देतो ना! "बरं, मग?"

निशिगंध (५ जून, सकाळी ८:४१)

"त्यात काय एवढं."

लिंबूटिंबू (५ जून, सकाळी ८:४४)

"झालं तुझं?"
कोल्हापुरात असाल तर "हं, फुडं?"

वैतागराव (५ जून, सकाळी ८:५२)

पुण्यात वाक्य लागत नाही. नुसतं बघायचं.

खिडकीपाशी (५ जून, सकाळी ९:२०)

@गच्चीवरचा, नाही झालं काही. जाऊ दे.
"त्यात काय एवढं" त्याला आवडलं. आरशासमोर सराव चाललाय. सकाळपासून मी काहीही बोललो की हेच उत्तर.

घाटमाथा (५ जून, दुपारी १:१२)

धागा वाचतेय आणि प्रत्येक प्रतिसादाला मान डोलावतेय. माझी मुलगी १५ वर्षांची, साताऱ्यात. तिचं निदान तेराव्या वर्षी झालं, त्याआधी सगळे "लाजाळू आहे, गुणी आहे" म्हणायचे. मुलींचं असंच होतं म्हणे, त्या वर्गात कुणाला त्रास देत नाहीत म्हणून कुणी बघत नाही.

तिला धरणं आवडतात. पावसाळ्यात रोज सकाळी कोयनेचा साठा वहीत लिहिते. १०५.२५ टीएमसी क्षमता, आज किती, काल किती, किती क्युसेक सोडलं. घरी पाहुणे आले की नमस्कार करून थेट आकडा सांगते. पाहुणे हसतात. गेल्या जुलैत पूर येतो की काय म्हणून सगळे घाबरले होते तेव्हा मात्र हेच पाहुणे तिला फोन करत होते.

तिचं आणि "एकदा या ना घरी" या वाक्याचं जुनं वैर आहे. शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, या एकदा निवांत. ही वही घेऊन उभी, "कधी येऊ?" काकू म्हणाल्या, "ये गं कधीही." ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला.

लिंबूटिंबू (५ जून, दुपारी १:२०)

ह ह पु वा (हसून हसून पुरेवाट)!! कधीही म्हणजे कधीही. चूक काकूंची आहे.

आडवळण (५ जून, दुपारी १:४८)

मी तिच्या बाजूने. हे वाक्य आमंत्रण नसतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं. मी माझ्यापुरता एक कोशच केलाय:

"बघू" = नाही.
"बघू नंतर" = नाही, आणि परत विचारू नको.
"तुमच्या सोयीने करा" (साहेब) = आज पाचच्या आत.
"पोचतोच आहे" = अंघोळीला निघालोय.
"काही नको, बसा तुम्ही" = चहा टाका.

गच्चीवरचा (५ जून, दुपारी २:०५)

चहाचं तर तीन फेऱ्यांचं असतं. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा "कशाला उगाच", तिसऱ्यांदा "अर्धा चालेल". माझा भाचा ऑटिस्टिक आहे, त्याने माझ्या सासरच्या लोकांसमोर पहिल्याच फेरीत "नको म्हणाले ना, मग का विचारतेस" असं आईला सुनावलं. तेव्हापासून माझ्या सासूबाई आमच्या बहिणीकडे जाताना घरून चहा पिऊन जातात.

पाटीपेन्सिल (५ जून, दुपारी ३:३०)

@आडवळण, तुमचा कोश ग्रुपमध्ये वापरू का? मी असे कार्ड करतेच. बाहेरच्या कोर्समध्ये हे नाहीच मुळी. निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणायचं, हे एका मुलाला समजवताना माझीच दमछाक झाली. तो म्हणाला, "पण मी जातोय." बरोबरच आहे की. तू-तुम्ही हा आणखी एक गोंधळ, बाबांना तू आणि बाबांच्या मित्राला तुम्ही, मग मित्राचा लहान भाऊ असलेला तरुण काका आला की काय?

वैतागराव (५ जून, संध्याकाळी ६:१०)

अवांतर: ऑटिझमला मराठीत "स्वमग्नता" म्हणतात ना, मग सगळे ऑटिझम ऑटिझम का लिहिताय? मराठी संस्थळ आहे.

आडवळण (५ जून, संध्याकाळी ६:२५)

कारण स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला. चिंचगुळताईंच्या मुलाने अख्ख्या सोसायटीला एसटीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. उत्तर न देणारे स्वमग्न. (दिवे घ्या, गंमत करतोय.)

निशिगंध (५ जून, संध्याकाळी ७:०२)

+१. तरी आईला समजवताना मी स्वमग्नताच म्हणते, तिला ऑटिझम म्हटलं की काहीतरी अटॅक आल्यासारखं वाटतं.

खिडकीपाशी (६ जून, सकाळी ७:१५)

अजून एक अवांतर, पण कामाचं. ज्यांनी केलं नसेल त्यांनी यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, १९९५ च्या कायद्यात नव्हता. दहावीला जादा वेळ मिळतो, ती तयारी नववीतच सुरू करावी लागते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना पण आहे, एक लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्च त्यात बसतो. कागदपत्रांसाठी चकरा मारायला लागतात. मी किती मारल्या ते विचारू नका.

चिंचगुळ (६ जून, रात्री १०:५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन करून कॅमेऱ्याचं बोलले. पहिल्यांदा नाही म्हणाले, मग म्हणाले पहिले चार आठवडे बंद चालेल. नजरेचं पण विचारलं, ते सक्तीचं नाही म्हणाले. नाव घातलंय. नवरा म्हणतो गादी तर गादी. @घाटमाथा तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

गच्चीवरचा (१९ जुलै, रात्री ९:३७)

धागा वर काढतोय. ताई, काय झालं पुढे?

चिंचगुळ (१० ऑगस्ट, रात्री ११:४५)

उशिराबद्दल माफी. आठ आठवडे झाले.

आधी वाईट सांगते. तिसऱ्या शनिवारी "समोरच्याला दोन प्रश्न विचारून मगच स्वतःचं सांगायचं" असा गृहपाठ होता. त्याने वर्गातल्या एका मुलाला तुझं नाव काय, तुझा आवडता पक्षी कोणता, असं विचारून लगेच शिवशाहीवर उडी मारली. त्या मुलाचं नाव त्याला पाच वर्षांपासून माहीत आहे. तो मुलगा हसला आणि वर्गभर सांगत सुटला. माझा लेक घरी आला, दप्तर फेकलं, दोन दिवस क्लासचं नाव काढू दिलं नाही. मला वाटलं संपलं. पालकांच्या तासात हे सांगितलं तर आणखी दोन आयांनी असंच झाल्याचं सांगितलं. पाटीपेन्सिल म्हणाल्या तेच, माहीत असणं आणि करणं.

वर्गात अजूनही फारसं काही बदललेलं नाही. एक मुलगा फक्त आता "बास रे, दुसरं बोल" असं सरळ सांगतो, कारण मीच त्याच्या आईशी बोलून तसं सांगायला सांगितलं. (@आडवळण, हे तुमचं.) आणि माझा लेक खरोखर थांबतो. पाच मिनिटांनी परत सुरू होतो पण थांबतो.

आता दुसरं. क्लास संपल्यावर बाई खोली दहा मिनिटं उघडी ठेवतात, त्यात शिकवत काही नाहीत, त्या कॅमेरा बंद करून बसतात. ही सहाही मुलं तिथेच रेंगाळतात. एक जण त्याच्या गावातल्या सगळ्या मोबाईल टॉवरबद्दल बोलतो, एक काहीच बोलत नाही नुसता चॅटमध्ये टिंब पाठवतो. टिंब आलं नाही तर बाकीचे विचारतात टिंब कुठे आहे. दीड तासाच्या क्लासला हाताला धरून बसवावं लागतं आणि या दहा मिनिटांसाठी हा आधीच पाण्याची बाटली भरून ठेवतो.

आणि घाटमाथाताईंची लेक. आम्ही दोघींनी मुलांना विचारून नंबर दिले. ती रोज सकाळी आकडा पाठवते, हा उत्तरादाखल त्या दिवशी डेपोत दिसलेल्या गाडीचा नंबर पाठवतो. आकडा, नंबर. आकडा, नंबर. महिनाभर एवढंच. मी नवऱ्याला म्हटलं, याला काय गप्पा म्हणायच्या?

घाटमाथा (११ ऑगस्ट, सकाळी ७:०२)

परवा गाडीचा नंबर आला नाही तर हिने जेवण केलं नाही नीट. मग दुपारी मेसेज आला, "ताप होता. आज कोयना किती?" हिने मला दाखवला तो मेसेज. फक्त दाखवला, बोलली काही नाही.

पाटीपेन्सिल (११ ऑगस्ट, सकाळी १०:२०)

@चिंचगुळ गप्पाच आहेत. तुम्ही आणि मी रोज "जेवलात का" विचारतो त्यात तरी दुसरं काय असतं.

वैतागराव (११ ऑगस्ट, सकाळी १०:४५)

असहमत. आकड्यांची देवाणघेवाण म्हणजे संवाद नव्हे. पुढे नोकरीत, लग्नात काय आकडे पाठवणार का? क्लासने जे शिकवायचं ते शिकवलं नाही आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय.

आडवळण (११ ऑगस्ट, सकाळी ११:००)

मी नोकरीत आकडेच पाठवतो. अकाउंट्सला आहे.

खिडकीपाशी (११ ऑगस्ट, दुपारी १२:३०)

वैतागराव, तुमचं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, नोकरीचं टेन्शन मलाही रात्री झोपू देत नाही. पण माझ्या मुलाला कुणी ताप आल्यावर विचारलं नव्हतं आजवर. आधी हे होऊ दे.

@चिंचगुळताई, ऑनलाइन ओळखींचं एक मात्र सांगून ठेवा. आमच्याकडे गेममधल्या एका "मित्राने" ओटीपी मागितला आणि ह्याने दिला. पैसे थोडेच गेले, पण ज्याला मित्र हवाच असतो तो देऊन टाकतो. आमच्याकडे आता नियम आहे, ओटीपी मागतो तो मित्र नाही, नाव काहीही असो.

चिंचगुळ (११ ऑगस्ट, रात्री १०:१५)

हो, तो नियम आजच फ्रिजवर लावला.

@शून्य_प्रहर, एक निरोप आहे. लेकाला धागा वाचून दाखवला (त्याच्याबद्दलचं लिहिलेलं त्याला विचारायला हवं होतं, ते उशिरा सुचलं, त्याची हरकत नाही म्हणाला). तुमच्या प्रतिसादापाशी थांबवलं मला. म्हणाला, १९८२ साली एमएच १४ नव्हतंच, तेव्हा तीन अक्षरी नंबर असायचे. मग बराच वेळ विचार करत बसला आणि विचारलं, "हे सांगितलं तर मी पोलीस होतो का?" मी म्हटलं, काकांना विचारून बघू.

शून्य_प्रहर (१२ ऑगस्ट, सकाळी ६:३५)

बरोबर आहे त्याचं. तीन अक्षरीच असायचे, माझ्या डोक्यात आत्ताचे नंबर घुसले. पोलीस वगैरे काही नाही, सांगावं त्याने खुशाल.

त्याला विचारा, तेव्हा आमच्या गाडीला मागच्या बाजूला टपावर चढायची लोखंडी शिडी असायची, ती नव्या गाड्यांना का नाही?

चिंचगुळ (१२ ऑगस्ट, सकाळी ८:०५)

विचारते. पण काका, तुमच्याकडे वेळ किती आहे ते आधी सांगा.